यंदा कोणाकडे?

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू करणारा राखेचा बुधवार जवळ आला की वसईतल्या कॅथलिक घरांत एकच प्रश्न फिरू लागतो : यंदा काय सोडणार? मटण-चिकन बहुतेक घरांतून उपवासकाळभर हद्दपारच असते. त्यावर कोणी दारू सोडतो, कोणी सिगरेट, कोणी चहातली साखर. लग्नाचे मांडव पडत नाहीत, बँडचा आवाज येत नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात दर रविवारी मुलांसमोर उभी राहायला लागून मला आता तीसेक वर्षे होत आली. सुरुवातीची काही वर्षे माझ्याही वर्गाची सुरुवात याच प्रश्नाने होई.

मुलांची उत्तरे ठरलेली असत. चॉकलेट, आइस्क्रीम, कार्टून, पुढे पुढे मोबाइलवरचे गेम. एका वर्षी चौथीतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘टीचर, मी काहीच सोडणार नाही. माझी आजी रोज एकच गोष्ट सांगते. ती मी रोज पूर्ण ऐकणार.’’ वर्ग खो खो हसला. तो मात्र गंभीर होता. आजीची गोष्ट अशी, की लग्नानंतर ती पहाटेच्या गाडीने भाजीच्या पाट्या घेऊन दादरला जायची, आणि एकदा पावसात गाड्या बंद पडल्या तेव्हा एका अनोळखी बाईने तिला रात्रभर आपल्या खोलीत झोपायला जागा दिली. घरातल्या सगळ्यांना ती पाठ होती. म्हातारीने ‘त्या दिवशी पाऊस...’ म्हटले की कोणीतरी उठून टीव्हीचा आवाज वाढवी.

पवित्र आठवड्यात त्यांच्या गल्लीत क्रुसाची वाट होती. त्या आजीने मला ओट्यावर थांबवले. म्हणाली, ‘‘आमचा पोरगा हल्ली विचारतो, आजी, त्या बाईचं नाव काय होतं? इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.’’

पुढच्या वर्षी मी फळ्यावरचा प्रश्न बदलला. ‘काय सोडणार?’ पुसून ‘कोणाकडे जाणार?’ लिहिले. मुले गोंधळली, मग बोलू लागली. पालकांच्या सभेत एका बाईंनी शंका काढली, की त्याग शिकवायचा सोडून हे काय नवीन? त्यांचा प्रश्न रास्त होता. त्याग हवाच. पण त्यागाला माणूस दिसायला हवा, असे मला तेव्हापासून ठामपणे वाटते आणि आजवर त्या मतात बदल झालेला नाही.

राखेच्या बुधवारी मत्तयच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचतात. त्यात दानधर्म, प्रार्थना आणि उपवास अशा तीन गोष्टी येतात, आणि तिन्ही गाजावाजा न करता करायला सांगितल्या आहेत. आपण त्यातला उपवास तेवढा घट्ट पकडला, कारण तो मोजता येतो. बुधवारनंतरच्या शुक्रवारी यशया संदेष्ट्याचा अठ्ठावन्नावा अध्याय येतो. तो कामाच्या दिवशीचा मिस्सा, चर्चमध्ये मोजकी माणसे, त्यामुळे तो फारसा कोणाच्या कानी पडत नाही. तिथे संदेष्टा लोकांना थेट विचारतो, की तुम्ही उपवासही धरता आणि त्याच दिवशी आपल्या मजुरांना राबवूनही घेता, मग देवाने तुमचा उपवास कशासाठी बघावा? देवाला हवा असलेला उपवास म्हणजे जोखडे सोडवणे, भुकेल्याला आपल्यातली भाकर देणे, बेघराला घरात घेणे.

हे वाचन मी एका वर्षी आमच्या छोट्या ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत मुद्दाम घेतले. बैठक एका वाडीवाल्याच्या पडवीत होती. आठदहा घरांतली माणसे, मध्ये क्रूस, मेणबत्ती, बायबल. वाचून झाल्यावर नेहमी आम्ही थोडा वेळ शांत बसतो आणि मग ज्याला वाटेल तो बोलतो. त्या दिवशी शांतता लांबली. शेवटी घरमालकच बोलले. त्यांच्या वाडीत आदिवासी बाया कामाला येत. विड्याच्या पानांचे पैसे व्यापाऱ्याकडून आले नव्हते म्हणून त्यांनी बायांची दोन आठवड्यांची मजुरी थांबवली होती. ते म्हणाले, ‘‘माझे पैसे अडकले हे खरं. पण माझ्या घरी चूल पेटते आहे. त्यांच्या घरी काय चाललंय हे मी विचारलंच नाही.’’ एवढेच बोलून ते गप्प झाले. कोणी त्यावर भाष्य केले नाही, आम्ही एक ‘आमच्या बापा’ म्हणून उठलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पतपेढीतून पैसे काढून बायांचा हिशेब चुकता केला. मला हे त्यांच्या बायकोकडून पुष्कळ दिवसांनी कळले. तेव्हापासून त्या घरात शनिवारची मजुरी शनिवारीच दिली जाते, व्यापारी देवो न देवो.

उपवासकाळात देशभरच्या धर्मग्रामांतून कारितास इंडिया या चर्चच्या मदतकार्य करणाऱ्या संस्थेसाठी निधी गोळा होतो. त्यासाठी घरात ठेवायला मुलांना कागदी पेटी देण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. ती चांगलीच आहे. फक्त मुलाने बाबांकडून दहा रुपये घेऊन पेटीत टाकले तर ते दान बाबांचे झाले. शुक्रवारचा वडापाव खाल्ला नाही आणि त्याचे पैसे टाकले, तर ते त्याचे. हे मुलांना सांगितले की लगेच पटते. मोठ्यांना पटायला वेळ लागतो.

नियमांबद्दल थोडे सांगायला हवे, कारण दरवर्षी त्यावरून घोळ होतात. चर्चने सक्तीचा उपवास फक्त दोन दिवस सांगितला आहे, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. तोही अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांपासून ते साठाव्या वर्षात पदार्पण करेपर्यंत. दिवसातून एकदा पोटभर जेवण, आणि बाकी दोन वेळा थोडेसे, इतके थोडे की दोन्ही मिळून एक जेवण होऊ नये. मांसाहार वर्ज्य करण्याचा नियम चौदा वर्षांपासून पुढे. रविवार उपवासात धरत नाहीत, तो पुनरुत्थानाचाच दिवस. म्हणून बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजले तर दिवस शेहेचाळीस भरतात आणि रविवार वगळले की चाळीस उरतात. आजारी माणसे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, अंगमेहनतीची कामे करणारे यांना सूट आहे. आमच्याकडे मधुमेहाचे एक काका गुड फ्रायडेला पाण्यावर राहत. साखर उतरून दोनदा चक्कर आली तरी ऐकेनात. फादरांनी त्यांना शेवटी एवढेच सांगितले, की काका, वेळेवर जेवण आणि गोळी हाच तुमचा यंदाचा उपवास, तो मोडू नका. काकांनी तो अगदी निष्ठेने पाळला. घड्याळ लावून जेवत आणि जेवताना चेहरा असा, की खरोखरच व्रत चालले आहे.

बुधवारी कपाळावर लावायची आमच्या चर्चमधली राख आम्ही दोघीतिघी मिळून करतो, आणि माझा उपवासकाळ खऱ्या अर्थाने तिथे सुरू होतो. झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या लोक वर्षभर घरातल्या क्रुसामागे खोचून ठेवतात आणि बुधवारच्या आदल्या रविवारी चर्चच्या दारातल्या टोपलीत आणून टाकतात. सोमवारी आम्ही त्या निवडतो. कोणी त्यांना रिबीन बांधलेली असते, कोणी प्लास्टिकचे फूल. ते सगळे काढावे लागते. मग पाते हिरापासून सोलायचे, कारण पाते भुरकन जळते आणि हीर अर्धवट राहून राखेत खडे होतात. चर्चमागच्या अंगणात लोखंडी घमेल्यात थोडी थोडी पाती टाकत जाळायची. ज्वाळा बसली की लगेच झाकण ठेवायचे, नाहीतर राख पांढरी पडते आणि कपाळावर उमटत नाही. थंड झाली की खलबत्त्यात घोटायची, मलमलच्या कपड्यातून गाळायची. एवढी मोठी टोपली, आणि शेवटी हातात येते वाटीभर काळी भुकटी. पाणी अगदी थेंबाने घालायचे आणि तेही वाटपाच्या वेळीच, कारण राखेत क्षार असतो. ओली करून ठेवली तर कपाळ चुरचुरते.

एका वर्षी एक तरुण टोपलीपाशी आला, हातातली झावळी बघत उभा राहिला आणि तशीच घेऊन परत गेला. त्याचे वडील त्या वर्षी वारले होते. ती झावळी त्यांनी आणलेली होती. मी काही बोलले नाही. पुढच्या वर्षी तो दोन झावळ्या घेऊन आला, एक जुनी, एक नवी, आणि दोन्ही टोपलीत ठेवल्या. त्या वर्षी ती जुनी झावळी मी स्वतः निवडली आणि सोलली. उपवासकाळ दुःख करायला लावतो असे ज्यांना वाटते त्यांना मी हे सांगते. दुःख माणसाकडे आधीच असते. हा काळ ते कुठेतरी नेऊन ठेवायला जागा देतो.

2021 साली महामारीमुळे रोमहून सूचना आली, की राख देताना प्रत्येकाशी बोलायचे नाही, शब्द एकदाच सगळ्यांसाठी उच्चारायचे आणि राख डोक्यावर टाकायची. इटलीत ती पद्धत जुनीच आहे. आमच्या लोकांना मात्र चुकल्यासारखे वाटले, कारण कपाळावर क्रूस दिसेना. केसांत पडलेली राख घरी जाईपर्यंत कोणाच्या लक्षातही येईना. मला तेव्हा जाणवले, की त्या दिवसाचे शुभवर्तमान आणि त्या दिवसाची राख यांचा असा मेळ मी कधी पाहिला नव्हता. शुभवर्तमान सांगते, की उपवास करताना तोंड धू, डोक्याला तेल लाव, लोकांना कळू देऊ नकोस. त्या वर्षी खरेच कोणाला कळले नाही.

त्याच्या आदल्या वर्षीचा उपवासकाळ तर अर्ध्यात बंद दारांआड गेला. 25 मार्च 2020 पासून देशात टाळेबंदी, चर्चला कुलूप. 27 मार्चच्या रात्री पोप फ्रान्सिस पावसात भिजलेल्या सेंट पीटर्सच्या रिकाम्या चौकात एकटे प्रार्थना करत होते, ते आम्ही मोबाइलवर पाहिले. माझ्या वर्गातल्या मुलांना मी निरोप धाडला, की चौदा कागदांवर क्रुसाच्या वाटेची चौदा स्थाने काढा आणि घरभर चिकटवा. नालासोपाऱ्यातल्या एका मुलीच्या वन-रूम-किचनमध्ये चौदा भिंती कुठून आणणार? त्या मुलीने तिसरे स्थान फ्रिजवर लावले, नववे बाथरूमच्या दारावर, बारावे गॅसच्या वरच्या टाइलवर. ईस्टरनंतर कागद काढले, तर तिची आई म्हणाली, बारावा राहू दे. क्रुसावरचा येशू त्या स्वयंपाकघरात पुढेही बरेच दिवस होता, फोडणीचे डाग अंगावर घेत.

आता ज्या गोष्टीने माझी स्वतःची उपवासकाळाकडे बघण्याची दिशा बदलली तिच्याकडे येते. प्रौढ वयात बाप्तिस्मा घेणारी माणसे आमच्या धर्मग्रामात क्वचित. एका वर्षी एक तरुण नोकरदार मुलगी होती. आईवडील वेगवेगळ्या धर्मांचे, तिने मोठेपणी आपले आपण ठरवावे असे घरात ठरलेले. तिच्या तयारीत सोबत करण्याचे काम फादरांनी मला दिले. त्यासाठी वाचताना कळले, की आरंभीच्या ख्रिस्तमंडळीत हा काळ आकाराला आला त्यात ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा घेणाऱ्यांच्या तयारीचा मोठा वाटा होता. त्यांच्याबरोबर सगळी मंडळीच उपवास आणि प्रार्थना करी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1963 सालच्या उपासनेवरील दस्तऐवजातही उपवासकाळाची दोन अंगे सांगितली आहेत, बाप्तिस्मा आणि प्रायश्चित्त. आम्ही लहानपणापासून दुसरे तेवढे ऐकले होते.

पहिल्या रविवारी तिचे नाव दीक्षार्थींच्या यादीत आले. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या रविवारी तिच्यासाठी विहिरीवरची शोमरोनी स्त्री, जन्मांध मनुष्य आणि लाजर ही तीन शुभवर्तमाने होती. दर बुधवारी संध्याकाळी ती ऑफिसातून सरळ माझ्याकडे येई, डोक्यात शंका घेऊन. भर दुपारी एकटीच पाण्याला का आली ही बाई? लाजराला उठवायचेच होते तर येशू आधी रडला का? एकदा ती म्हणाली, ‘‘टीचर, या दिवसांत तुम्ही सगळे इतके उदास का असता? मला तर कधी एकदा ती रात्र येते असं झालंय.’’

ती रात्र आली. चर्चमधले दिवे बंद, बाहेर पेटवलेला विस्तव, त्यावरून पेटलेली पास्काची मेणबत्ती, मग एकाच्या मेणबत्तीवरून दुसऱ्याची. तिच्या डोक्यावरून पाणी ओघळले तेव्हा मी मागे टॉवेल घेऊन उभी होते. त्यानंतर सगळ्यांना विचारतात, सैतानाला नाकारता का, देव पित्यावर श्रद्धा ठेवता का. दरवर्षी मी उत्तर देतेच. पण त्या रात्री शेजारी ओल्या केसांनी उभी असलेली ती प्रत्येक उत्तर असे देत होती की जणू प्रश्न तिला एकटीलाच विचारला आहे. माझ्याही तोंडून तसेच उत्तर निघाले.

तेव्हापासून वर्गाला माझा पहिला गृहपाठ असतो : आपल्या बाप्तिस्म्याची तारीख शोधून आणा. पोप फ्रान्सिसही लोकांना ही तारीख शोधा असे वारंवार सांगत. निम्म्या मुलांच्या आईवडिलांना ती सांगता येत नाही. मग ते धर्मग्रामाच्या कार्यालयात जातात, जुनी वही निघते, वहीत स्वतःच्या वडिलांचे, आजोबांचे नाव सापडते. उपवासकाळात आपण चालत जातो ते या तारखेकडे. हे एकदा मनात बसले की वर्ज्य करण्याचा जाच वाटत नाही. आमच्या वाडीत केळीच्या बुंध्याभोवतीचे जादा मुनवे काढतात, ते केळीला शिक्षा म्हणून नव्हे. घड भरावा म्हणून. मुलांना समजावताना मी हाच दाखला देते, कारण मुनवे काढताना त्यांनी आजोबांना पाहिलेले असते.

सगळ्याच गोष्टींचा शेवट गोड होतो असे नाही. आमच्याकडे दोन सख्खे भाऊ वडिलोपार्जित जमिनीवरून बोलत नव्हते. वसईत जमिनीला भाव आला आणि अशी घरे गावोगाव झाली. एक सकाळी सातच्या मिस्साला येई, दुसरा नऊच्या. चर्चच्या दारात गाठ पडू नये म्हणून वेळा वाटून घेतलेल्या. एका उपवासकाळात धाकट्याने कन्फेशन केले आणि झावळ्यांच्या रविवारी तो थोरल्याच्या दारी झावळी घेऊन गेला. थोरल्याने दार उघडले, झावळी घेतली, पण ‘आत ये’ म्हटले नाही. दावा अजून कोर्टात आहे. मात्र आईच्या पुण्यतिथीचा मिस्सा आता दोघे मिळून सांगतात आणि एकाच बाकावर बसतात, मधे बहिणीला बसवून. धाकट्याला मी एकदा विचारले, की भावाने आत बोलावले नाही तेव्हा वाईट वाटले का? तो म्हणाला, ‘‘जायचं माझ्याकडे होतं. मी गेलो.’’

माझ्या शेजारी एक मुस्लिम कुटुंब आहे. अलीकडच्या वर्षांत रमजान आणि आमचा उपवासकाळ बरेचदा बरोबरीने येतात. 2025 साली तर तीन-चार दिवसांच्या अंतराने सुरू झाले. समोरच्या मराठे वहिनी श्रावणात मांसाहार बंद ठेवतात. जिन्यात भेटलो की आमचे बोलणे खाण्यावरून सुरू होते आणि तब्येत, मुले, म्हातारी माणसे यांवर येते. उपवास धरणाऱ्या माणसाला दुसऱ्याचा उपवास चटकन कळतो, आणि त्या ओळखीतून आमच्या जिन्यात कितीतरी आजारपणे निभावली गेली आहेत. डबा कोणी नेऊन द्यायचा हे ठरवावे लागत नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी तीन-चार गोष्टी सांगते. फार मोठा संकल्प करू नका, दुसऱ्या आठवड्यात तो मोडतो आणि मग सगळेच सुटते. रोजचे शुभवर्तमान सकाळी वाचा. पाच मिनिटे लागतात. कन्फेशनला पवित्र आठवड्याची वाट पाहू नका. तेव्हा रांग लांब असते, फादर थकलेले असतात आणि तुम्हालाही घाई असते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जा, निवांत बोलता येते. चिकन सोडणार असाल तर जरूर सोडा, पण त्याऐवजी पापलेट आणणार असाल तर हिशेब स्वतःशी नीट करा.

आणि राखेच्या बुधवारी संध्याकाळी घरी आल्यावर कॅलेंडरच्या पानावर एका माणसाचे नाव लिहा, ज्याच्याकडे तुम्ही बरेच दिवस गेला नाहीत. पहिल्या रविवारच्या आत त्याच्याकडे जाऊन या.